हवा जाते कुठून?

महागडं फाउंटन पेन पहिल्यांदाच घेणाऱ्याला पेटी उघडल्यावर एक प्रश्न पडतो आणि तो कुणाला विचारायची थोडी लाजही वाटते: यात शाई भरायची कुठून? शाळकरी वयात हा प्रश्न मराठी घरातल्या पोरांना पडत नसे. पेनाचे आटे सोडून पकड वेगळी करायची, ड्रॉपरने नळी गळ्यापर्यंत भरायची, आटे पुन्हा आवळायचे आणि निब डोक्याच्या केसांना पुसायची, की झालं. चिनी हीरो पेन असेल तर मागचं आवरण काढून धातूची पट्टी चार-पाच वेळा दाबायची. वस्तू स्वस्त होती आणि तिच्या पोटात काय आहे ते उघड दिसत होतं. तीस-चाळीस हजारांच्या पेनात मात्र आटे कुठे सुरू होतात तेच सापडत नाही. सोबतच्या पुस्तिकेत हमीच्या अटी अनेक भाषांत सविस्तर असतात आणि शाई भरण्याबद्दल दोन-तीन चित्रं. जास्त पैसे मोजले की कष्ट कमी व्हावेत, अशी आपली साधी अपेक्षा; इथे पैसे मोजून वर कोडं पदरात पडतं. चिडचिड होणं समजण्यासारखं आहे. तरीही मला वाटतं, या कोड्यावर घालवलेला वेळ वाया जात नाही. किंमत दिली की वस्तू घरी येते. ती आपली होते ती तिचं काम कशावर चालतं हे कळल्यावर. आणि शाई भरण्याची यंत्रणा ही महाग वस्तूंमधली अशी दुर्मीळ जागा आहे, जिथे हे कळणं सामान्य माणसाच्या आवाक्यात असतं. मोबाइलबद्दल किंवा आजच्या गाडीच्या इंजिनाबद्दल तसं म्हणायची सोय राहिलेली नाही.

लपवालपवी कुठवर जाऊ शकते, हे पाहायचं तर लामी २००० हातात घ्यावं. हायडेलबर्गच्या लामी कंपनीने ते १९६६ साली बाजारात आणलं आणि फारसा बदल न करता आजही ती ते विकते. ते घडवणारा गेर्ड म्युलर आधी ब्राऊन कंपनीसाठी काम करत होता. दाढीची आणि स्वयंपाकघरातली यंत्रं घडवताना कमावलेली काटकसर त्याने पेनात आणली. काचतंतूंनी बळकट केलेल्या काळ्या माक्रोलॉनची ही नळी बारीक रेषांत घासून मंद केलेली असते. तिच्या शेपटाकडचा भाग फिरतो, पण तो बंद असताना तिथे सांधा आहे हे डोळ्याला कळत नाही, नखालाही कष्टानेच कळतं. नवा मालक साहजिकच पकडीकडे वळतो, कारण आपल्याला सवय तिथूनच उघडायची. पकड सुटतेही. मात्र आत ना कार्ट्रिज ना रबरी नळी, आणि टोपण धरून ठेवणारी दोन कानांची बारीक धातूची कडी तेवढी निसटून टेबलाखाली जायला मोकळी होते. इथे थांबून विचार केला तर पेन स्वतःच बरंच सांगून जातं. पकडीच्या मागे अरुंद पारदर्शक फटी आहेत, म्हणजे शाई वेगळ्या पिशवीत राहत नसून नळीतच राहणार. नळीत शाई यायची तर आतलं काहीतरी पुढे-मागे सरकायला हवं. ते सरकवायला बाहेर ना तरफ, ना बटण; म्हणजे उरलं फिरवणं, आणि फिरवायला मोकळं टोक एकच, मागचं. ते डावीकडे फिरवताच केसाएवढी फट उघडते आणि आतला दट्ट्या निबेकडे सरकू लागतो. पुस्तिकेचं पान न उलटता, केवळ आत काय नाही यावरून काय असायला हवं हे ताडता आलं. ही ताडण्याची सोय त्या पेनात आहे, म्हणून त्याचं लपणं मला खटकत नाही.

या ताडण्यामागे एकच भौतिक गोष्ट आहे. रिकामं पेन रिकामं नसतं, त्यात हवा असते. शाई आत यायला ती हवा आधी बाहेर जावी लागते, आणि तिच्या जागी शाईच येईल, पुन्हा हवा येणार नाही, याची तजवीज करावी लागते. शाई भरण्याच्या शेकडो पेटंटांचा मथितार्थ एवढाच आहे. म्हणून अनोळखी पेन हातात आलं की ‘शाई जाते कुठून?’ असं विचारण्याऐवजी ‘हवा जाते कुठून?’ असं विचारावं. बहुतेक वेळा उत्तर मिळतं. ड्रॉपरच्या पेनात हवा नळीच्या उघड्या तोंडाने वर निघून जाते, म्हणून तिथे यंत्रणाच लागत नाही. न्यूयॉर्कच्या वॉटरमनने १८८४ साली पेटंट घेतलं ते शाई नीट उतरवणाऱ्या जिभेचं; भरायला त्याच्याही पेनाला ड्रॉपरच लागे. पुढच्या पिढीने नळीत रबरी पिशवी घातली आणि ती दाबून हवा काढायला सुरुवात केली. ओहायोतल्या कॉंकलिनने पेनाच्या पाठीवर धातूची चंद्रकोर बसवली, ती दाबली की पिशवी चेपायची. पेन उतरत्या टेबलावरून गडगडत नाही हा तिचा वरकड फायदा मार्क ट्वेनला एवढा आवडला, की त्याने जाहिरातीला आपलं नाव दिलं. आयोवातल्या फोर्ट मॅडिसनचा सराफ वॉल्टर शेफर याने १९०८ साली तीच पिशवी दाबायला अंगासरशी मिटणारी तरफ शोधली. हानोव्हरच्या पेलिकनने १९२९ साली पिशवी काढून टाकून स्क्रूवर चालणारा दट्ट्या आणला. होळीच्या पिचकारीत असतो तोच हा दट्ट्या. फरक एवढाच, की थिओडोर कोव्हाचच्या त्या रचनेत दोन वेगळ्या चालींचे आटे असल्याने मूठ थोडीशीच बाहेर येते आणि दट्ट्या मात्र लांबवर धावतो. चंद्रकोर, तरफ, दट्ट्या बाहेरून एकमेकांसारखे मुळीच दिसत नाहीत. हवेचा माग काढला की ती एकाच प्रश्नाची वेगवेगळी उत्तरं आहेत हे कळतं, आणि नव्या पेनापुढे आपण अगदीच अडाणी उरत नाही.

या उत्तरांत सर्वांत चतुर उत्तर निर्वाताचं आहे आणि नव्या मालकाला सर्वांत जास्त चकवणारंही तेच. लंडनच्या डी ला रू कंपनीने १९०५ साली ओनोटो पेन आणलं त्यात ते होतं. आज जपानच्या पायलट कंपनीच्या कस्टम ८२३ मध्ये आणि फ्लॉरेन्सच्या व्हिस्कॉन्तीच्या काही पेनांत ते पाहायला मिळतं. पायलटच्या पेनाची नळी पारदर्शक असल्याने सगळा प्रकार डोळ्यांदेखत घडतो. मागची मूठ आटे सोडून ओढली की एक लांब बारीक दांडी बाहेर येते, तिच्या आतल्या टोकाला एक वायसर. निब शाईत बुडवून दांडी पुढे ढकलायला लागायचं. आणि इथेच मन बिथरतं, कारण ढकलताना शाई काही आत येत नाही. उलट निबेतून हवेचे बुडबुडे निघतात आणि दांडीला मागून कुणीतरी ओढतंय असा विरोध जाणवतो. वायसर नळीला घट्ट चिकटून पुढे जात असतो, त्यामुळे त्याच्या मागची जागा वाढत जाते, पण त्या जागेत यायला हवेला वाट नसते. हाताला जाणवणारी ती ओढ म्हणजे मागे तयार होणारी पोकळी. दांडी तळाशी पोचते तिथे नळी मुद्दाम किंचित रुंद केलेली आहे. वायसरची पकड सुटते, आणि बाहेरच्या हवेच्या दाबाने शाई त्याच्या कडेवरून एका दमात मागच्या पोकळीत धावते. सगळं भरणं त्या शेवटच्या क्षणात उरकतं. दट्ट्याच्या पेनाची सवय असलेला माणूस हमखास दांडी ओढताना शाई येण्याची वाट पाहतो, ती आली नाही की पेन बिघडलंय असं ठरवतो. बिघडलेलं काहीच नसतं. त्याने एका पद्धतीचं उत्तर दुसऱ्या पद्धतीला लावलेलं असतं, आणि हवेचा प्रश्न विचारला असता तर ही गफलत झाली नसती.

याच पेनाचं आणखी एक वागणं तर थेट तक्रारीच्या लायकीचं वाटतं. ते पान-दोन पान छान लिहितं आणि मग नळी शाईने भरलेली असताना कोरडं पडतं. कारण असं, की मूठ पूर्ण आवळली की दांडीचं टोक जिभेकडे जाणारी वाट बुजवतं. जिभेत उरलेली शाई संपेपर्यंत लेखन चालतं, मग बंद. बरंच लिहायचं असेल तर मूठ दोनेक मिलिमीटर सैल करावी लागते. ही अडचण मुद्दाम घालून का ठेवली? उत्तर पुन्हा हवेतच आहे. विमान उंचावर गेल्यावर केबिनमधला दाब समुद्रसपाटीवरचा राहत नाही. तो जास्तीत जास्त सुमारे २,४०० मीटर उंचीवरच्या हवेइतका उतरू दिला जातो, म्हणजे जमिनीवरच्या दाबाच्या साधारण तीन चतुर्थांश. अर्धवट भरलेल्या पेनातली हवा तेव्हा सुमारे एक तृतीयांशाने फुगते आणि समोर असलेल्या शाईला बाहेर ढकलते. खिशावरचा निळा डाग हा तिचाच पराक्रम. हाच प्रकार लहान प्रमाणात ड्रॉपरच्या पेनात जमिनीवरही घडतो. शाई तळाला गेली की नळीत हवाच जास्त, ती हाताच्या उबेने फुगते आणि अक्षराच्या मधोमध थेंब टपकतो. पेन संपत आलं की गळतं, हा शाळकरी अनुभव खरा आहे आणि त्याचं कारण पेनाच्या दर्जापेक्षा त्यातल्या हवेत आहे. ज्याला हे कळलं तो गळणारं पेन फेकण्याआधी ते भरून पाहतो, आणि अडून बसलेलं महागडं पेन दुरुस्तीला पाठवण्याआधी त्याची मूठ सैल करतो. कळण्याने लगेच झालेला फायदा एवढा तरी दाखवता येतो.

यावर पहिला आक्षेप अगदी सरळ आहे. एवढा खटाटोप हवाय कुणाला? वॉटरमनच्या फ्रेंच शाखेने १९३६ सालीच काचेची कार्ट्रिज आणली, पुढे ती प्लास्टिकची झाली. टोचली की लिहायला सुरुवात. शाईच्या बाटलीतूनच भरायचं म्हटलं तर कन्व्हर्टर आहे, तो काढून नळाखाली धुता येतो, बिघडला तर थोडक्या पैशांत नवा मिळतो. शिवाय अनेक अतिमहाग पेनांतही आत कन्व्हर्टरच असतो. या आक्षेपातलं बरंचसं मला मान्य आहे. कन्व्हर्टर ही नामी वस्तू आहे, आणि दट्ट्याच्या किंवा निर्वाताच्या पेनात दीड-दोन मिलिलिटर शाई मावते तर कन्व्हर्टरमध्ये एकाच्या आतबाहेर, हा फरक रोज दोन पानं लिहिणाऱ्याला जाणवणारही नाही. पण माझा मुद्दा कुठली पद्धत श्रेष्ठ हा नाहीच. कन्व्हर्टर मला पटतो तो नेमका याच कारणाने, की तो पूर्ण कळतो. हातात धरून त्याचा दट्ट्या वर-खाली होताना पाहता येतो. आक्षेपाचा जो भाग मान्य नाही तो वेगळा आहे: वापरणाऱ्याला काही करावं लागू नये आणि काही कळावंही लागू नये, यातच वस्तूचं भलं आहे, हा त्यातला गृहीत विचार. या विचाराची परीक्षा पेनांच्या इतिहासात एकदा होऊन गेली आहे.

पार्कर कंपनीने १९५६ साली पार्कर ६१ आणलं. त्याला पिशवी नव्हती, दट्ट्या नव्हता, हलणारा एकही भाग नव्हता. मागचं आवरण काढायचं, पेन उलटं धरून शेपटाकडचं टोक शाईत उभं करायचं आणि थोडा वेळ थांबायचं. आतल्या प्लास्टिकच्या गुंडाळीतल्या बारीक फटींत केशाकर्षणाने शाई आपोआप चढायची. बाहेरून टेफ्लॉनचा लेप असल्यामुळे टोक पुसावंही लागत नसे. वापरणाऱ्याकडून इतकं कमी मागणारी दुसरी पद्धत झालेली नाही. पण जी फट शाईला आपोआप आत घेते ती शाईला तितक्याच हट्टाने धरूनही ठेवते. महिनाभर पेन पडून राहिलं की आतली शाई वाळायची, आणि दाबायला, ओढायला, फिरवायला काहीच नसल्याने ती ढकलून बाहेर काढायचा उपाय मालकाच्या हातात उरत नसे. पुढे कंपनीने ही पद्धत सोडली आणि त्याच पेनाला साधी कार्ट्रिज आणि कन्व्हर्टर बसवला. याच कंपनीचं पार्कर ५१ याच्या शेजारी ठेवून पाहावं. १९४८ पासून त्यात जी पद्धत आली तीत पिशवीवर धातूची जाड पन्हाळी असते आणि पट्टी किती वेळा दाबायची ते त्या धातूवरच कोरलेलं असतं. पट्टी एकदाच न दाबता चार वेळा का? पिशवीत एक बारीक नळी थेट वरच्या टोकापर्यंत गेलेली असते. निब खाली धरलेली असताना हवा वर साचते, म्हणून प्रत्येक दाबाला आधी आलेली शाई परत न जाता वरची हवा त्या नळीतून बाहेर पडते आणि शाईची पातळी दर दाबाला चढत जाते. इथे मालकाकडून काम मागितलं आहे, पण त्या कामाचा अर्थही त्याच्या हाती दिला आहे. पाऊणशे वर्षांपूर्वीची ही पेनं केवळ पाण्याने धुऊन आजही चालू होतात. आपल्याकडची हीरो पेनं चालली तीही याच धड्यावर. सोयीत ६१ पुढे होतं, टिकण्यात ५१. दोघांतला फरक कारागिरीच्या दर्जाचा नव्हता, एकाच कारखान्याची ती मुलं. फरक होता तो अडचण आल्यावर मालकाच्या हातात काही उरतं की नाही, याचा.

दुसरा आक्षेप जास्त बोचरा आहे. बॉलपेनाने हा प्रश्न कधीच निकालात काढला, असं तो सांगतो. २९ ऑक्टोबर १९४५ रोजी न्यूयॉर्कच्या गिंबल्स दुकानात रेनॉल्ड्सचं बॉलपेन साडेबारा डॉलरला विकायला आलं तेव्हा लोकांची झुंबड उडाली, आणि पुढे ते इतकं स्वस्त झालं की त्यात शाई भरण्याचा विचारही कुणाच्या मनात येईना. शेफरने १९५२ साली स्नॉर्केल आणलं, निबेखालून सोंडेसारखी नळी बाहेर येते, तीच शाईत बुडते आणि निब कोरडी राहते. अभियांत्रिकीचा तो कळस ठरला, पण बाजार तोवर दुसरीकडे निघालेला होता. म्हणून आज दांड्या ओढत बसणं हा सवड असलेल्या श्रीमंतांचा लटका श्रम आहे, आणि त्याला समजुतीचं, मालकीचं तत्त्वज्ञान चिकटवणं म्हणजे चैनीला दिलेला मुलामा. आक्षेप इतका सोपा नाही की हसून सोडून द्यावा. महागड्या पेनांच्या जाहिराती खरोखरच हा मुलामा विकतात. पण समजण्याचं सुख किमतीला बांधलेलं असतं तर आक्षेप टिकला असता, आणि ते तसं नाही. तैवानच्या ट्विस्बी कंपनीची दट्ट्याची पेनं नामांकित युरोपीय पेनांच्या किमतीच्या एका लहानशा हिश्श्यात मिळतात. नळी पारदर्शक, सोबत पेन खोलायला चपटा पाना आणि दट्ट्याला लावायला सिलिकॉन ग्रीसची कुपी. आपल्या देशातला दाखला तर याहून जुना आहे. राजमहेंद्रीच्या रत्नम यांनी घडवलेलं स्वदेशी पेन वापरून पाहून गांधीजींनी १९३५ साली वर्ध्याहून त्यांना पत्र लिहिलं आणि बाजारातल्या विदेशी पेनांना ते चांगला पर्याय वाटतं असं कळवलं. लेथवर घडवलेली तिथली एबोनाइटची पेनं पिढ्यान्‌पिढ्या ड्रॉपरने भरत आली आहेत. दुरुस्त करायला आटे आणि जीभ यापलीकडे त्यांत काही नाही. यातून दिसतं ते असं, की समजण्याजोगी वस्तू घडवायला पैसे जास्त लागत नाहीत. म्हणून ज्याने भरपूर पैसे घेतले आहेत त्याच्याकडे ती मागण्याचा हक्क उलट वाढतो. महाग पेन कळायला हवं ही श्रीमंती चोचले पुरवणारी मागणी नाही, ग्राहकाची किमान अपेक्षा आहे.

तिसरा आक्षेप घडवणाऱ्यांच्या बाजूने येतो. चांगली वस्तू स्वतः समजावून सांगते. ज्या पेनाचा सांधा शोधावा लागतो ते मुळातच चुकीचं घडवलं आहे, मग मालकाच्या अक्कलहुशारीचं कौतुक कशाला? इथे दोन प्रकारचं लपवणं वेगळं काढावं लागतं. लामीचा सांधा डोळ्यापासून लपलेला आहे, विचारापासून नाही. एकदा सापडला की पुन्हा कधी शोधावा लागत नाही, आणि लिहिताना बोटांना टोचत नाही म्हणून तो लपवण्याला कारणही आहे. घोटीव नळीचं सौंदर्य हे केवळ दिखाऊपण नसतं, तासन्‌तास लिहिणाऱ्या हाताचाही त्यात विचार असतो. याउलट पार्करने १९३३ साली आणलेलं व्हॅक्युमॅटिक पाहा. विस्कॉन्सिन विद्यापीठातल्या आर्थर डालबर्ग या प्राध्यापकाच्या कल्पनेवर ते उभं होतं. नळीवर आडवे अर्धपारदर्शक पट्टे, आतली शाई प्रकाशात धरून पाहता येई. दिसायला ते सर्वांत मोकळं पेन. पण त्याचं काम मागच्या टोपणाखालच्या एका रबरी पडद्यावर चालायचं, तो दिसायचा नाही, आणि रबर कडक झालं की खास अवजारं असलेल्या कारागिरावाचून तो बदलता येत नसे. शाई दिसते म्हणजे यंत्रणा कळते असं नाही, आणि सांधा दिसत नाही म्हणजे ती कळत नाही असंही नाही. काचेसारखी पारदर्शक नळी हीही फॅशनच असू शकते. कसोटी दिसण्याची नसून थोड्या विचाराने उलगडण्याची आहे. त्या कसोटीवर मी सांधा लपवणाऱ्याला सूट देतो, कारण लपवणाऱ्याला नाही.

उरते ती भीती, आणि तिचं काय करायचं हेही सांगायला हवं. एवढ्या किमतीची वस्तू हाताळता हाताळता मोडली तर? कंपन्या तर पेन खोलू नका असं बजावतात आणि खोललं तर हमी नाकारतात. या ताकिदीत तथ्य आहे; दट्ट्याची मूठ पूर्ण उघडल्यानंतरही फिरवत राहिलं तर काही पेनांत आतली जुळणीच सैल होते, आणि चिमट्याने धरलेल्या नळीवर उमटलेला ओरखडा कायमचा. पण समजणं आणि खोलणं या दोन गोष्टी आहेत. पेन समजायला अवजार लागत नाही. बोटांच्या जोराने जे हलत नाही ते हलवायचं नसतं, एवढं पथ्य पाळलं तर चाचपडण्याने सहसा नुकसान होत नाही. पहिली भरणी शाईने करूच नये, साध्या स्वच्छ पाण्याने करावी. निबेवरचं भोक आणि पकडीची कड बुडेल इतकं पाणी वाटीत घ्यावं, कारण निब अर्धवट बुडाली तर पेन पाण्याऐवजी हवा ओढतं आणि दोष यंत्रणेच्या माथी जातो. मग मूठ फिरवून, दांडी ढकलून बुडबुडे कधी येतात आणि कधी थांबतात ते पाहावं. बुडबुडे निघताहेत तोवर हवा बाहेर चालली आहे; ते थांबले आणि हात ढिला सोडल्यावर किंवा मूठ उलट फिरवल्यावर पाणी चढलं, तर सगळी गोष्ट वाटीतच उलगडली. चुकलं तरी सांडतं ते पाणी. ज्याला रोज शाई भरायची आहे त्याने एवढी पाण्याची तालीम करायला कुठल्याही कंपनीची हरकत असायचं कारण नाही.

या तालमीत आणखी एक गोष्ट आपोआप कळते आणि माझ्या मते तीच सर्वांत कामाची. वाटीतलं पाणी भरून झालं की ते बाहेर काढावं लागतं. भरण्याची पद्धत प्रत्येक कंपनी अभिमानाने सांगते, पुस्तिकेतली चित्रं भरण्याचीच असतात. रिकामं करण्याबद्दल ती सहसा गप्प असते. पण पेन मरतं ते भरता न आल्यामुळे नाही. आतली वाळलेली शाई काढता न आल्यामुळे ते मरतं. पार्कर ६१ भरायला सर्वांत सोपं होतं आणि रिकामं करायला अवघड, तिथेच ते हरलं. ५१ ला भरणारी पट्टीच रिकामंही करते. लामीचा दट्ट्या जसा हवा ढकलतो तसा जुनी शाईही ढकलतो. ड्रॉपरचं पेन उपडं केलं की झालं. जी यंत्रणा दोन्ही दिशांना चालते ती मालकाच्या ताब्यात राहते. जी एकाच दिशेने चालते ती आज ना उद्या दुसऱ्याच्या ताब्यात जाते. तेव्हा महागडं पेन घ्यायला दुकानात जाणाऱ्याने निबेचं सोनं किती कॅरटचं आणि लाखेचे थर किती, हे जरूर विचारावं. पण पैसे देण्याआधी विक्रेत्याला पाण्याची वाटी मागावी, पेन भरून दाखवायला सांगावं, आणि भरलं की म्हणावं: आता हे पूर्ण रिकामं करून दाखवा. तिथे तो अडखळला आणि पेन कंपनीकडे पाठवावं लागेल असं म्हणाला, तर लाखेचे थर कितीही असोत, त्या पेनाचं अर्धं पोट कायम कंपनीकडेच राहणार आहे. पूर्ण किंमत मोजून अर्धं पेन घ्यायचं की नाही, हा निर्णय मग डोळसपणे करता येतो.